दोन पुरे की तीन हवीत?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मामा आहेत. मागच्या आठवड्यात सोमवारी त्यांनी एक संदेश टाकला : लोकसंख्येचा स्फोट झालाय, दोनपेक्षा जास्त मुलं असतील त्यांचं रेशन तोडा, मताचा हक्क काढून घ्या. शुक्रवारी दुसरा आला : जन्मदर घसरलाय, असंच चाललं तर आपण उरणार नाही, घरटी तीन मुलं झालीच पाहिजेत. दोन्हींच्या शेवटी जोडलेले हात आणि ‘सर्वांपर्यंत पोचवा’. मी विचारलं, “मामा, यातलं नक्की काय करायचं?” उत्तर लगेच आलं, “दोन्ही. कोणी काय करायचं ते कळतं ना तुला.”

मामांना हसण्यात अर्थ नाही, कारण देशही सध्या याच ग्रुपवर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू जास्त मुलं असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणुका लढवू द्यायचा विचार बोलून दाखवतात. त्याच सुमाराला एका सामुदायिक विवाहात तमिळनाडूचे स्टॅलिन सोळा मुलांचा विनोद करतात, पण त्यातली बोच विनोदाची नसते. डिसेंबरात नागपुरात मोहन भागवत तीन मुलांचा आग्रह धरतात. आणि याच देशात उत्तर प्रदेशनं २०२१ साली दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना सरकारी नोकरी आणि स्थानिक निवडणुकांतून वगळणारा मसुदा काढला होता. तसा कायदा देशभर करा, ही मागणी अजून थांबलेली नाही. एका बाजूला ‘फार झाले’, दुसऱ्या बाजूला ‘कमी पडतील’. वाद जोरात आहे आणि तो मुळातच चुकीच्या जागी चाललाय, असं माझं मत आहे. कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे : बाईला किती मुलं व्हावीत हा आकडा सरकारनं ठरवायचा. भांडण फक्त आकड्यावर आहे. माझं म्हणणं असं की हा आकडा ठरवणं सरकारचं कामच नाही. जिला जितकी हवीत तितकी, जेव्हा हवीत तेव्हा, आणि जीव धोक्यात न घालता व्हावीत, एवढी सोय करणं हे त्याचं काम. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण सत्तर वर्षांत ते पुरं झालेलं नाही.

आधी आकडे, कारण दोन्ही संदेशांत ते सोयीनं कापलेले असतात. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, याचा आजच्या दरांवरून बांधलेला अंदाज म्हणजे एकूण प्रजनन दर. स्वातंत्र्याच्या सुमारास तो भारतात सहाच्या घरात होता. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो ३.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्यात २.०. पिढीला पिढी पुरी पडायला साधारण २.१ लागतो, म्हणजे आपण त्या रेषेच्या किंचित खाली आलो आहोत. महाराष्ट्र १.७, केरळ आणि तमिळनाडू १.८, बिहार ३.०, सिक्कीम १.१. मग लोकसंख्या अजून वाढते कशी? कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी बेरीज काही दशकं वाढतच राहते. ब्रेक दाबल्यावरही गाडी थोडी पुढे जाते, तसं. म्हणून ‘स्फोट’वाल्यांना वाढती बेरीज दिसते, ‘संपलो’वाल्यांना घसरता दर दिसतो, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात.

त्याच पाचव्या सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, तो मात्र कोणी पुढे ढकलत नाही. बायकांना हवी होती तेवढीच मुलं झाली असती, तर दर २.० ऐवजी १.६ असता. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘तीन हवीत’ म्हणणारे नेते ज्या बायकांना आवाहन करताहेत, त्यांना आत्ताच सरासरीनं हवी त्यापेक्षा जास्त मुलं होताहेत. एकदा हे मी आईला समजावून सांगत होते. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला एकच हवं होतं.” मी दुसरी. म्हणजे त्या १.६ आणि २.० मधल्या फटीतली. माझ्या जन्माबद्दल मला अर्थातच तक्रार नाही, पण तिच्या वाक्यात तक्रार नव्हती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न बाईच्या बाजूनं पहिल्यांदा मांडला गेला तो मुंबईत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली तिथं संततिनियमनाचं केंद्र काढलं. मेरी स्टोप्स यांचं लंडनमधलं केंद्रही त्याच वर्षीचं. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली, पण खटला हरले. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. कर्वे देशाच्या लोकसंख्येपेक्षा बाईच्या देहाबद्दल, तिच्या इच्छेबद्दल आणि सुखाबद्दल जास्त बोलत. लोकांना खटकलं ते तेच. १९५२ मध्ये भारतानं अधिकृत कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, असं करणारा जगातला पहिला देश म्हणून आपण मिरवलोही. पण सरकारनं कर्व्यांची साधनं घेतली आणि त्यांचा युक्तिवाद कर्व्यांपाशीच ठेवला. बाईच्या इच्छेच्या जागी पंचवार्षिक योजनेतलं उद्दिष्ट आलं. पुढच्या वर्षी कर्वे गेले.

उद्दिष्ट आलं की त्याच्यामागून कोटा येतो, आणि कोट्यामागून पोलीस. तेव्हाचे आरोग्यमंत्री कर्ण सिंह १९७४ साली बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत विकास हेच उत्तम गर्भनिरोधक असं सांगून आले. दोन वर्षांनी त्यांच्याच मंत्रालयानं असं धोरण काढलं की राज्यांना सक्तीचे कायदे करायला दार उघडं झालं. त्या दारातून सगळ्यात आधी कोण आत शिरलं? आपला पुरोगामी महाराष्ट्र. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक आपल्या विधिमंडळानं १९७६ मध्ये चक्क मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा व्हायचं राहिलं. हरियाणातलं उत्तावर गाव त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिसांनी पहाटे वेढलं आणि पुरुषांना उचलून नेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६० लाखांवर पुरुषांच्या. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यू नोंदवले. माझे आजोबा तेव्हा शाळेत मास्तर होते. ‘केसेस’ आणल्याशिवाय पगार निघत नसे. त्यांनी कोणाला आणलं हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. गावातल्या एका गल्लीतून मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत.

१९७७ मध्ये पुरुषांनी त्याचा राग मतपेटीतून काढला आणि सरकार पडलं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर काय झालं याची चर्चा फारशी होत नाही. कार्यक्रमाचं नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ केलं गेलं, आणि सुरी पुरुषांकडून बायकांकडे वळली. बायकांनी त्यासाठी कधी सरकार पाडलं नव्हतं. आज पाचव्या सर्वेक्षणाप्रमाणे विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांनी ऑपरेशन करून घेतलंय. नवऱ्यानं नसबंदी केलीय अशा किती? ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, बिनटाक्याची, कमी धोक्याची. बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. वैद्यकशास्त्र एकीकडे आणि आकडे नेमके उलट दिशेला. दोन आकड्यांमधली ही दरी निवडीतून पडली असं कोणाला म्हणायचं असेल, तर त्यानं एकदा नसबंदी शिबिराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभं राहावं.

आईचं ऑपरेशन १९८३ च्या जानेवारीत झालं. शिबिरं थंडीतच लागतात. जखम चिघळत नाही म्हणतात, आणि उद्दिष्ट पुरं करायचा मार्चअखेरही जवळ आलेला असतो. व्हरांड्यात सतरंज्यांवर बायका दोन रांगांत निजवलेल्या, डोक्याला स्कार्फ, पायाशी आपापली चप्पल पिशवीत. गुंगी उतरली की बाई पुटपुटायची, कोणी बाळाला हाक मारायची, कोणी ओकायची. मी आजीच्या मांडीवर. वडील बाहेर थर्मास घेऊन बसलेले. ते का नाही गेले आत, असं मी मोठेपणी विचारलं तर आजी म्हणाली, “बाप्याला जड कामं असतात.” आई तिसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी आणत होती. बदल्यात थोडे पैसे आणि एक स्टीलचा डबा मिळाला. डबा अजून आहे, त्यात हिंग ठेवतात. तेव्हा आई चोवीस वर्षांची होती. आधी तांबी, गोळ्या, आणखी काही असतं हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. नर्सबाईंच्या वहीत तेव्हा एकाच गोष्टीला मोल होतं.

हे जुनं झालं म्हणावं, तर नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. तिथल्या त्या शिबिरांमध्ये मिळून तेरा जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. आणि कागदावरचं उद्दिष्ट तर केंद्रानं १९९६ मध्येच काढून टाकलं होतं. कागदावरचं.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. पहिलं म्हणजे, कार्यक्रम नसता तर साधनंच नसती. माझ्या पणजीच्या नऊ बाळंतपणांचं मला काडीचंही कौतुक नाही. खेड्यातल्या उपकेंद्रापर्यंत फुकट गोळी पोचली ती सरकारमुळेच. बाजारानं ती पोचवली नसती. तेव्हा कार्यक्रम गुंडाळा, असं मी म्हणत नाही. दुसरं, घसरत्या जन्मदराची काळजी खोटी नाही. केरळात बंद घरं आणि घरात एकटे म्हातारे हे चित्र आहेच. श्रीमंत होण्याआधी म्हातारे होणं ही भीती अर्थतज्ज्ञांनी उगाच उठवलेली नाही. दक्षिण कोरियाचा दर २०२३ मध्ये ०.७२ वर आला. तिथून परतीची वाट कोणालाच सापडलेली नाही.

पण म्हणून उपाय ‘तीन जन्माला घाला’ हा? म्हाताऱ्यांची काळजी खरी असेल, तर ती आधी म्हाताऱ्यांच्या खात्यात दिसायला हवी. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा किती? महिना २०० रुपये. २००७ पासून तोच. आज जन्मलेलं मूल कमावतं व्हायला वीस-बावीस वर्षं लागणार. तोवर या दोनशे रुपयांचं काय करायचं? आणि तिसरं मूल खरंच हवं असेल, तर कायदा काय म्हणतो तेही बघू. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्याला १२. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या मुलाला. दुसऱ्याला, पण ती मुलगी असेल तर. तिसऱ्याला काहीच नाही. व्यासपीठावरून तीन आणि राजपत्रात दोन, असा हा कारभार आहे. मूल वाढवायचा खर्च, पाळणाघर, बाईची नोकरी, रात्रीचं जागरण हे सगळं जिनं तिचं बघायचं, आणि संख्या मात्र राष्ट्राची.

सिंगापूरनं हा प्रयोग आपल्याआधी पुरा करून दाखवलाय, तोही आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तशीर सरकार असताना. १९७२ मध्ये त्यांनी ‘दोनवर थांबा’ मोहीम सुरू केली. तिसऱ्या मुलाला रुग्णालयाचं बिल जास्त, शाळाप्रवेशात मागचा नंबर. दर धडाधड कोसळला. १९८७ मध्ये त्याच सरकारनं घोषणा फिरवली : परवडत असेल तर तीन किंवा जास्त. सवलती दिल्या, करात सूट दिली. २०२३ मध्ये त्यांचा दर ०.९७ होता. खाली नेताना लोक ऐकले, कारण लोकांना तसंही खालीच जायचं होतं. सरकार वाऱ्याच्या दिशेनं शीड लावून ‘मी होडी चालवतो’ म्हणत होतं. वारा फिरल्यावर शिडाचा उपयोग कळला. चीनची कथा निराळी नाही : एक मूल धोरण यायच्या आधीच, सत्तरच्या दशकात, त्यांचा दर निम्म्याहून खाली आला होता, आणि २०२१ मध्ये तीन मुलांची परवानगी देऊनही पाळणे रिकामेच राहिले.

आणि जबरदस्तीनं वर नेता येतं का? रुमेनियात हुकूमशहा चाउशेस्कूनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. पुढच्या वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, दर पुन्हा उतरला, आणि मागे राहिले ते युरोपातले सगळ्यात जास्त माता मृत्यू आणि गच्च भरलेली अनाथालयं. डिसेंबर १९८९ मध्ये तो पडला, तेव्हा नव्या सत्तेनं सगळ्यात आधी रद्द केलेल्या गोष्टींत हा हुकूम होता.

दक्षिणेच्या राज्यांची तक्रार मात्र वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात न्याय्य वाटते. आम्ही तुमचं ऐकून लोकसंख्या आवरली आणि आता लोकसभेच्या जागा वाटताना आम्हालाच कमी? ही भीती जुनी आहे. म्हणूनच १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, आणि ८४ व्या दुरुस्तीनं ती गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. आता ती मुदत दाराशी आलीय. पण या अन्यायाचा इलाज तमिळ बाईच्या गर्भाशयात कुठं आहे? आज ठरवलं तरी बिहारशी बरोबरी होईल एवढी मुलं तमिळनाडूत येणार कुठून? जागांचं सूत्र माणसांनी दिल्लीत बसून लिहिलंय. ते दिल्लीतच बसून बदलता येतं. पंधराव्या वित्त आयोगानं पैसे वाटताना लोकसंख्या आवरल्याबद्दल १२.५ टक्के भार दिलाच ना? संसदेत मांडायचा सवाल नायडूंनी बाळंतिणीच्या खाटेवर नेऊन ठेवलाय.

उरला मामांचा सोमवारचा संदेश. बिहार अजून तीनवर आहे हे खरं. पण १९९२-९३ मध्ये तो चारवर होता. उतरतोय, उशिरा उतरतोय. देशभरात अजिबात न शिकलेल्या बाईचा दर २.८ आणि बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेलीचा १.८. जिथं मुलगी शाळेत टिकली, लग्न लांबलं आणि पाच वर्षांच्या आतलं मूल दगावायचं थांबलं, तिथं रेशन न तोडता दर उतरला. केरळनं हे केलं, बंदुकीशिवाय. आणि मामा जे बोलत नाहीत पण सुचवतात, त्याबद्दल एवढंच : मुस्लीम बायकांचा दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २.४ वर आलाय. त्या काळातली ही घसरण हिंदूंपेक्षा मोठी आहे. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळमधल्या मुस्लीम बाईपेक्षा सरासरीनं जास्त मुलं आहेत. यात धर्म शोधायचा की शाळा आणि दवाखाना, हे ज्याच्या त्याच्या हेतूवर आहे.

दोन मुलांच्या सक्तीची आणखी एक किंमत आपण महाराष्ट्रात मोजलीय. मुलगा हवाच आणि संख्या दोनच, या दोन अटी एकत्र आल्या की उत्तर सोनोग्राफीच्या खोलीत निघतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपणच केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली होत्या ८०७. दोनची सक्ती हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. लहान कुटुंबाची ओढ लोकांचीही होती. पण त्या ओढीला सरकारनं शिक्षेची धार लावली.

ती धार अजून तशीच आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर झालं, तर पद जातं. आमदार-खासदारांना हा नियम नाही. का नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. आंध्रनं असाच नियम २०२४ च्या नोव्हेंबरात काढून टाकला. आपणही काढावा असं मला वाटतं. मात्र आंध्रनं तो काढला तो तीन मुलं हवीत म्हणून. त्या कारणानं काढलेला नियम उद्या वारा फिरला की परत येईल.

माझ्या ओळखीच्या एक बाई महिला राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. दोन मुली. गावात पाण्याची टाकी त्यांच्याच मागे लागण्यातून झाली, मासिक सभेत ग्रामसेवकाला जमाखर्चाचं रजिस्टर मागायच्या. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा पद जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनाही ठाऊक होतं. मुलगा झाला. त्याच आठवड्यात सासूबाईंनी गावात पेढे वाटले आणि विरोधी पॅनेलनं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, जन्मदाखल्याची प्रत जोडून.